ऑनलाइन फँटसी गेमसाठी कॅरेक्टर कसं घडवावं आणि सोबत्यांपर्यंत कसं पोचवावं

या खेळात प्रत्येक खेळाडू एक काल्पनिक पात्र, म्हणजे कॅरेक्टर, घडवतो आणि त्याच्या वतीने गोष्टीत भाग घेतो. माझ्या पहिल्या कॅरेक्टरची बॅकस्टोरी, म्हणजे खेळाआधीच्या आयुष्याची गोष्ट, चार पानांची होती. त्यात वैऱ्याचा सूड उगवून झाला होता, हरवलेली बहीण सापडली होती, गुरूचा शापही उतरला होता. खेळ सुरू झाला आणि दुसऱ्याच सेशनला, म्हणजे बैठकीला, लक्षात आलं की या मुलीच्या आयुष्यात इतरांनी करावं असं काही शिल्लकच नाही. गोष्ट चालवणाऱ्या गेम मास्टरला धरायला धागा नव्हता आणि पार्टीतल्या (एकत्र खेळणाऱ्या कॅरेक्टरांच्या टोळीतल्या) कुणालाही तिला एखादा प्रश्न विचारावासा वाटत नव्हता. तेव्हापासून मी कॅरेक्टर मुद्दाम अर्धवट ठेवते. अर्धवट म्हणजे आळसाने सोडलेलं नव्हे. कोणत्या जागा रिकाम्या ठेवायच्या हे नीट ठरवलेलं.

खालचे आकडे डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे आहेत. ऑनलाइन ती सर्रास खेळली जाते, आणि तिचे मूलभूत नियम जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत मिळतात. तुमचा खेळ दुसरा असेल तर आकडे बदलतील, बाकीची रीत तीच चालेल.

आधी गेम मास्टरला विचारा

शीट (कॅरेक्टरची माहिती आणि आकडे भरायचा तक्ता) उघडण्याआधी चार गोष्टी विचारून घ्या: नियम २०१४चे की २०२४चे, सुरुवात कितव्या लेव्हलला, गुणांक (बळ, चपळाई, बुद्धी अशा सहा गुणांचे आकडे) कसे ठरवायचे आणि बाकीचे काय खेळताहेत. पहिला प्रश्न अनेकजण विसरतात. २०१४च्या नियमांत गुणांकांची वाढ कॅरेक्टरच्या वंशावरून मिळते, २०२४च्या नियमांत ती पार्श्वभूमीवरून मिळते. अर्धी शीट एका पुस्तकावरून आणि अर्धी दुसऱ्यावरून भरली की वाढ दोनदा तरी धरली जाते किंवा राहूनच जाते. सेशन झिरो, म्हणजे खेळाआधीची बोलणी करायची बैठक, होणार असेल तर ती चुकवू नका; कोणते विषय खेळात नकोत हे तिथेच ठरतं.

एका वाक्यात ती कोण आहे?

समजा, आपली इरवा ही नावाडी आहे. एका रात्री तिने एका अनोळखी माणसाला नदीपार सोडलं आणि सकाळी पलीकडचं गाव जळून खाक झालेलं दिसलं. आता ती त्या माणसाच्या मागावर आहे. बस, एवढंच. या वाक्यात तिचं काम आहे, जखम आहे आणि पुढची दिशाही आहे. वाक्य लांबायला लागलं तर समजा की दोन कॅरेक्टर एकात कोंबली जाताहेत.

नाव बोलून बघा. व्हॉइस चॅटवर पाच जण ते तीन तास हाकारणार आहेत. दोन-तीन अक्षरांचं, पार्टीतल्या दुसऱ्या नावाशी न जुळणारं नाव बरं पडतं.

आकडे

इरवा फायटर, म्हणजे लढवय्यी. स्टँडर्ड अ‍ॅरे म्हणजे १५, १४, १३, १२, १०, ८ हे सहा आकडे सहा गुणांना वाटून द्यायचे. वल्ही मारून कमावलेलं बळ म्हणून स्ट्रेंग्थ १५, दम म्हणून कॉन्स्टिट्यूशन १४, मग डेक्स्टेरिटी (चपळाई) १३, विझ्डम (शहाणपण) १२, इंटेलिजन्स (बुद्धी) १०. लोकांत फारशी न मिसळणारी बाई, म्हणून करिझ्मा (छाप पाडण्याची ताकद) ८.

खेळताना फाशावर पडलेल्या आकड्यात जो मिळवायचा असतो तो मॉडिफायर. गुणांकातून १० वजा करा, उरलेल्याचे निम्मे करा, अपूर्णांक खालच्या बाजूला सोडा. म्हणजे १४ आणि १५ दोघांनाही +२च. फरक सम आकड्यावर पडतो, त्यामुळे वंशाची किंवा पार्श्वभूमीची वाढ १५ वर टाकून १६ केले की +३ पदरात पडतो. पॉइंट बाय या दुसऱ्या पद्धतीत गुणांक विकत घ्यायला २७ पॉइंट मिळतात आणि १४ वरून १५ ला जायला त्यातले २ जातात; पुढे वाढ मिळणार नसेल तर ते २ पॉइंट दुसरीकडे लावा. पहिल्या लेव्हलला फायटरचे हिट पॉइंट (किती मार सोसता येतो तो आकडा) १० अधिक कॉन्स्टिट्यूशनचा मॉडिफायर. १४ धरले तर १२.

गुणांक ठरवायला चार फासे टाकून सर्वांत लहान सोडण्याची पद्धतही आहे, पण ऑनलाइन ती सगळ्यांसमोर, गेमच्या फासे टाकणाऱ्या खिडकीतच वापरा. एकट्याने टाकून आणलेल्या आकड्यांबद्दल मनात शंका राहते.

इतरांना धरायला कड्या

माझ्या मते इथेच सगळ्यांत जास्त वेळ द्यावा. बॅकस्टोरी १५० शब्दांत संपवा आणि तीन गोष्टी उघड्या ठेवा. तिला ओळखणारं, अजून जिवंत असलेलं एक माणूस. तिच्यावरचं एक ऋण. आणि एक प्रश्न, ज्याचं उत्तर तुम्हालाही माहीत नाही. इरवाचा प्रश्न उघड आहे: तो माणूस कोण होता? उत्तर तुम्ही लिहून ठेवलंत तर गेम मास्टरचे हात बांधले जातात. मोकळं ठेवलंत तर कदाचित पार्टीतला चोरच म्हणेल, "त्याच्या अंगठीवर सापाची मुद्रा होती का?"

स्वभाव विशेषणांत लिहू नका. 'ती सावध आहे' यावर कुणी काय खेळणार? 'कुणालाही सोबत घेण्याआधी ती त्याचा चेहरा दिव्यापुढे धरून बघते' हे मात्र पहिल्याच प्रसंगात वापरता येतं, आणि ती असं का करते हे कुणीतरी विचारतंच.

शेअर करताना

दोन मजकूर तयार करा. एक पार्टीसाठी: नाव, दिसणं, ती एक सवय, पार्टीत ती काय काम करते; पाच-सहा ओळी. दुसरा फक्त गेम मास्टरसाठी, त्यात गुपितं. रोल ट्वेन्टी, फाउंड्री आणि डी अँड डी बियाँड ही असा खेळ ऑनलाइन खेळताना वापरायची साधनं आहेत. रोल ट्वेन्टीवर यासाठी जीएम (गेम मास्टर) नोट्सची वेगळी जागा असते. फाउंड्रीत प्रत्येक कॅरेक्टरला परवानगीच्या चार पातळ्या असतात: नन, लिमिटेड, ऑब्झर्व्हर, ओनर. सोबत्यांना ऑब्झर्व्हर दिलं तर ते अख्खी शीट वाचू शकतात, म्हणून गुपित असेल तर लिमिटेडवर ठेवायला सांगा. डी अँड डी बियाँडवर प्रायव्हेट, कॅम्पेन ओन्ली आणि पब्लिक असे पर्याय आहेत. एका गटापुरतं मधलं पुरेसं आहे. पब्लिक लिंकसोबत तुमचं वापरकर्ता नावही दिसू शकतं, तिथे खरं नाव ठेवू नका.

फाउंड्रीतून कॅरेक्टर दुसरीकडे न्यायचं असेल तर नावावर राइट क्लिक करून एक्स्पोर्ट डेटा निवडा, जेसॉन प्रकारची (साध्या मजकुराची) फाइल मिळेल. तिच्यात चित्र नसतं, चित्राचा फक्त पत्ता असतो. म्हणून चित्र वेगळं पाठवा, नाहीतर पलीकडे रिकामी चौकट दिसेल. फाइल त्याच गेम सिस्टिमच्या जगात नीट उघडते. सोबत शीटची एक पीडीएफही ठेवा.

चित्र दुसऱ्याने काढलेलं असेल तर चित्रकाराची परवानगी घ्या आणि त्याचं नाव लिहा. टोकनसाठी (नकाशावर कॅरेक्टर दाखवणाऱ्या छोट्या चित्रासाठी) चौकोनी, चेहरा मध्ये आणि मोठा असलेलं चित्र घ्या. नकाशावर ते अगदी लहान होतं.

पाठवल्यावर प्रत्येक सोबत्याला एकच प्रश्न विचारा: "तुझं कॅरेक्टर इरवाला आधी कुठे भेटलं असेल?" ज्याचं उत्तर आवडेल ते लगेच शीटमध्ये लिहून टाका, मग ते तुमच्या मूळ कल्पनेत बसो वा न बसो. माझ्या एका सोबत्याने उत्तर दिलं होतं, "त्या रात्री नावेत मागच्या बाजूला मीही झोपलो होतो." पुढचे सहा महिने आम्ही त्या एका वाक्यावर खेळलो.