आवृत्तीवार डॉक्युमेंटेशन प्रकाशित करताना या चुका टाळा

वाचकाच्या मशीनवर १.४ आहे आणि सर्चमधून उघडलंय २.० चं पान. तो कमांड कॉपी करतो, एरर येते आणि तुमच्या रेपोत एक इश्यू पडतो. कोडमध्ये काहीच बिघडलेलं नसतं, चुकीचं पान पुढे आलेलं असतं. खालच्या बहुतेक चुका शेवटी इथेच येऊन पोहोचतात.

आवृत्तीचा आकडा अवतरणात न लिहिणं

सेटिंग्जच्या यॅमल फाइलमध्ये १.१० असं नुसतं लिहिलं, की ती वाचणारा पार्सर त्याला दशांश संख्या समजतो आणि शेवटचं शून्य गाळतो. १.१० चं होतं १.१! नवं डॉक्युमेंटेशन मग जुन्या १.१ च्या फोल्डरवर जाऊन बसतं आणि बिल्ड, म्हणजे साइट तयार करण्याचं काम, मात्र हिरवं (यशस्वी) दिसतं. १.९ पर्यंत सगळं सुरळीत चालतं, म्हणून ही चूक महिनोन्‌महिने लपून राहते. आकडा कायम अवतरणचिन्हांत लिहा. आवृत्तीच्या ड्रॉपडाउनसाठी स्वतः कोड लिहिला असेल, तर १.१० हे १.९ च्या वर येतंय ना, तेही बघा. मजकूर म्हणून क्रम लावला तर येत नाही.

एका कमांडने सगळ्या जुन्या आवृत्त्या पुसणं

हे माझ्या हातून झालंय. एमकेडॉक्स या डॉक्युमेंटेशन साइट बनवणाऱ्या साधनाच्या साइटवर आवृत्त्या सांभाळायला ‘माइक’ हे जोडसाधन वापरत होतो. एका संध्याकाळी सवयीने एमकेडॉक्सचीच ‘जीएच-डिप्लॉय’ कमांड चालवली. ती प्रकाशनाच्या ब्रँचमधला सगळा मजकूर काढून फक्त ताजं बिल्ड ठेवते. जुन्या आवृत्त्यांच्या प्रत्येक लिंकवर ४०४. पोटात गोळाच आला. पण ब्रँचचा इतिहास शाबूत होता, आधीच्या कमिटवर परत गेलो आणि सगळं मिळालं. तुमच्यावर ही वेळ आली तर घाईने पुन्हा डिप्लॉय करत बसू नका, आधी गिट लॉग बघा. आणि सीआयमध्ये (आपोआप बिल्ड आणि डिप्लॉय करणाऱ्या व्यवस्थेत) प्रकाशनाची एकच वाट ठेवा.

‘लेटेस्ट’चा अर्थ गृहीत धरणं

रीड द डॉक्स या डॉक्युमेंटेशन होस्ट करणाऱ्या सेवेवर ‘लेटेस्ट’ म्हणजे डीफॉल्ट ब्रँच, म्हणजे अजून रिलीज न झालेलं कामही त्यात आलं. रिलीज झालेल्या टॅगमागे चालतं ते ‘स्टेबल’. माइकमध्ये मात्र ‘लेटेस्ट’ हे आपणच दिलेलं टोपणनाव असतं आणि बहुतेक जण ते ताज्या रिलीजला देतात. एका साधनावरून दुसऱ्यावर जाताना इथेच घोळ होतो. रीडमीमधली लिंक कुठे नेते ते स्वतः उघडून बघा. नवशिका वाचक नेहमी ‘स्टेबल’वरच उतरला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

डॉक्युसॉरस या साइट बनवणाऱ्या साधनामध्ये याचंच दुसरं रूप दिसतं. आवृत्ती काढताना पानांची अख्खी प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये जाते. नंतर कुणी ‘डॉक्स’ फोल्डरमधली चूक सुधारली, तर ती फक्त पुढच्या आवृत्तीत दिसते. योगदान देणाऱ्याला वाटतं, आपला बदल गेला कुठे? जी आवृत्ती अजून लोक वापरतात, तिच्या प्रतीतही दुरुस्ती करा.

साइट उघडते, पण उघडीबोडकी

स्फिंक्स या डॉक्युमेंटेशन साधनाचं बिल्ड गिटहब पेजेसवर ब्रँचमधून चढवलं आणि रंग-मांडणी गायब? तिथलं साइट बनवणारं जेकिल अंडरस्कोरने सुरू होणारे फोल्डर वगळतं आणि स्फिंक्सची सीएसएस नेमकी तशाच फोल्डरमध्ये असते. मुळाशी ‘डॉट-नोजेकिल’ नावाची रिकामी फाइल ठेवली की काम झालं.

आवृत्ती गिट टॅगवरून काढत असाल आणि पानावर भलताच आकडा दिसत असेल, तर बहुधा सीआयने उथळ क्लोन, म्हणजे जुना इतिहास सोडून घेतलेली प्रत, घेतलाय. टॅगसकट पूर्ण इतिहास आणायला सांगा.

थीमची अख्खी टेम्प्लेट कॉपी करणं

एक ओळीची सूचना टाकायला मूळ टेम्प्लेट उचलून आणली, की थीमच्या पुढच्या अपडेटला सर्च किंवा मेनू मोडतो. मूळ टेम्प्लेट ‘एक्स्टेंड’ करा, हवा तेवढाच ब्लॉक बदला, आत ‘सुपर’ ठेवा, म्हणजे ब्लॉकमधला मूळ मजकूरही राहतो. थीमची आवृत्तीही एका ठरावीक आकड्यावर बांधून ठेवा.

जुनी पानं सर्चपासून दडवणं

रोबोट्स फाइलने (सर्च इंजिनने काय वाचू नये ते सांगणारी फाइल) जुन्या आवृत्त्या अडवल्या, तर सर्च इंजिनला त्या पानांवरचा कॅनॉनिकल टॅग (मुख्य पान कोणतं ते सांगणारी खूण) वाचताच येत नाही. पानं खुली ठेवा, कॅनॉनिकल ‘स्टेबल’कडे वळवा आणि वर ‘ही जुनी आवृत्ती आहे’ अशी पट्टी लावा. पट्टीवरची लिंक मुखपृष्ठावर नको, त्याच विषयाच्या नव्या पानावर न्या. नव्या आवृत्तीत ते पानच उरलं नसेल, तर कॅनॉनिकल त्या जुन्या पानावरच राहू द्या, नाहीतर तो ४०४ कडे बोट दाखवत बसेल.