भाताला थंडी वाजली की कोणती जनुके जागी होतात, ते कसे मोजायचे

जनुक जागे झाले की त्याचा आरएनए वाढतो. तो क्यूपीसीआरने (आरएनएपासून बनवलेल्या डीएनएच्या प्रती वाढवत मोजण्याच्या पद्धतीने) मोजतात. गोव्यात वायंगणाचा (रब्बी भाताचा) तरवा, म्हणजे लावणीची रोपे, थंडीच्या तोंडावर टाकतात. सत्तरी-सांग्याकडे त्या रात्री पारा विशीच्या खाली जातो. म्हणून प्रयोगात 4 अंशांच्या गटासोबत 15 अंशांचाही एक गट ठेवा. 4 अंशांना जनुके ठळक उत्तर देतात खरी, पण तसली थंडी इथल्या कुणग्यात (भातखाचरात) पडत नाही.

ज्योती या भाताच्या वाणाचे बियाणे 24 तास भिजवा, 28 अंशांवर वाढवा आणि तीन पाने आली की वापरा. थंडीसाठी साधा फ्रिज चालत नाही, आत अंधार असतो. मग दिसतो तो परिणाम थंडीचा की काळोखाचा, हे सांगता येत नाही. दिवा असलेली शीतपेटीच हवी.

पाने 0, 1, 3, 6, 24 आणि 48 तासांनी काढा, दर वेळी तीन वेगळ्या कुंड्यांतून. त्याच घटकेला 28 अंशांतल्या रोपांचीही पाने घ्या, कारण झाडाच्या दिवस-रात्रीच्या घड्याळानेही जनुके वरखाली होतात. फक्त 24 तासांचा नमुना घेणे ही नेहमीची चूक. थंडीत इतर जनुकांना चालू करणारी डीआरईबी१ कुळातली जनुके लवकर चढतात आणि ओसरतात. एमवायबीएस३ हे दुसरे जनुक सावकाश जागे होते आणि डीआरईबी१ला दाबतेही.

पान कापताच लिक्विड नायट्रोजनमध्ये टाका. गोठलेले पान कुटून केलेल्या 100 मिलिग्रॅम भुकटीला 1 मिलिलिटर ट्रायझॉल (आरएनए वेगळा काढायचे द्रावण) पुरते. भुकटी त्यात पडेपर्यंत वितळू देऊ नका, नाहीतर आरएनए तुटतो. आरएनएची शुद्धता सांगणारे 260/280 (या दोन नॅनोमीटर तरंगलांबींवरच्या प्रकाशशोषणाचे) गुणोत्तर 2 च्या आसपास हवे. यानंतर डीनेझ (डीएनए तोडणारे एन्झाइम), आणि इथे कंजुसी नको: डीआरईबी१ जनुकांत इंट्रॉन (आरएनएतून कापले जाणारे मधले भाग) नसतात, त्यामुळे इंट्रॉन ओलांडणारे प्रायमर (कोणता तुकडा वाढवायचा ते ठरवणारे छोटे डीएनए) बनवून सुटका होत नाही. उरलेला डीएनए हुबेहूब तेवढ्याच लांबीचा तुकडा देतो आणि जनुक वाढल्याचा भास होतो. प्रत्येक नमुन्याची रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेजविना (आरएनएपासून डीएनए बनवणाऱ्या एन्झाइमविना) एक नळी लावाच.

सीडीएनएसाठी (आरएनएपासून बनवायच्या डीएनएसाठी) सगळ्या नमुन्यांतून सारखाच, 1 मायक्रोग्रॅम आरएनए घ्या. तुलनेला यूबीक्यू५ हे जनुक ठेवा, पण तुमच्या थंडीतही ते स्थिर राहते का, ते आधी पाहा. प्रायमरची कार्यक्षमता 90 ते 110 टक्क्यांत नसेल तर डेल्टा-डेल्टा-सीटीचा (जनुक किती पट वाढले ते काढण्याचा) हिशेब फसतो.

थंडीला उत्तर देणाऱ्या आयसीई१ या जनुकाची रेघ सपाट आली म्हणून प्रयोग फसला असे समजू नका. थंडीत एमएपीके३ हे एन्झाइम आयसीई१ प्रथिनाला फॉस्फेट जोडते, त्याने ते टिकते आणि कामाला लागते. क्यूपीसीआर आरएनए मोजते, हा बदल तिला दिसत नाही. त्यासाठी वेस्टर्न ब्लॉटच (प्रथिने ओळखण्याची चाचणी) करावा लागतो.