कुऱ्हाडीचा दांडा, टायगरास काळ

मागच्या खेपेला १/३५ मापाचा टायगर (जर्मन रणगाड्याचं प्लास्टिक मॉडेल) रंगवून झाला, चिखल-धूळ चढली, आणि मग दिसलं की त्याच्यावरच्या इवल्याशा कुऱ्हाडीच्या दांड्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ काळी रेघ आहे. साच्याची शिवण, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात तिथे प्लास्टिकवर राहणारी बारीक कड. एरवी कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, माझा रणगाड्यालाच झाला.

कटर, चिमटा, प्रायमर हे टेबलावर असतंच. प्लास्टिकचा दांडा लाकडासारखा रंगवायला वेगळं काढून ठेवा ते एवढंच: तामिया कंपनीचा बफ किंवा डेझर्ट यलो (फिकट पिवळसर रंग), बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) ऑइल कलरची ट्यूब, आणि केस फिसकटलेला जुना चपटा ब्रश. नवा ब्रश नको. फिसकटलेले केसच लाकडाच्या रेषा ओढतात.

आता शिवण. दांडा जेमतेम मिलिमीटरभर जाड, तिथे ती कोऱ्या प्लास्टिकवर दिसत नाही. ऑइल कलर मात्र तिच्या कडेला जाऊन बसतो आणि मग लपत नाही. ब्लेड उभं धरून हलकेच खरवडा, दांडा बोटांत फिरवत राहा, नाहीतर एक बाजू चपटी होते. मग ४०० चा पॉलिश पेपर, फक्त लांबीच्या दिशेनं. आडवा घासलात तर ओरखडे लाकडाला आडवे दिसतील. उभे ओरखडे उलट कामाचेच, ऑइल त्यांत शिरून रेषा देतं. दिव्याखाली तिरपं धरून बघा. नख फिरवा. दुसऱ्या बाजूलाही शिवण असते, मी तीच विसरलो होतो. प्रायमर मारल्यावर परत बघा.

फोटो आधी बघून ठेवा. जर्मन गाड्यांवर दांडे बरेचदा उघड्या लाकडाचे दिसतात. अमेरिकन शर्मन रणगाड्यावर बऱ्याचदा अवजारासकट सगळंच ऑलिव्ह ड्रॅब (मळकट हिरवं), लाकूड दिसलंच तर झिजलेल्या जागी. घरी कुदळ असेल तर तिचा दांडाही बघा: हात पडतो तिथे काळपट, गुळगुळीत, बाकी उन्हानं राखाडी. रंग मात्र तिचा उचलू नका, बाभळीचा दांडा तांबूस असतो, आपल्याला फिकट लाकूड हवंय.

अवजारं गाडीवर चिकटवायच्या आधीच रंगवायची, टूथपिकला अडकवून. बफ द्या, पुरता सुकू द्या, वर सॅटिन (अर्धवट चकाकीचं) वार्निश. हे टाळू नका, मॅट रंग ऑइल शोषून घेतो आणि मग पुसताच येत नाही. खाली इनॅमल नकोच, टर्पेंटाइननं उठून येईल.

ऑइल कलर अर्धा तास पुठ्ठ्यावर पिळून ठेवा, जवसाचं तेल पुठ्ठा पितो. नाहीतर दांडा चकाकतो आणि आठवडाभर सुकत नाही. थेंबभर रंग लावायचा, कोरड्या ब्रशनं एकाच दिशेनं ओढायचा. थांबायचं. रेषा फार ठळक झाल्या तर दांडा नाही, ओंडका वाटतो.

पातं गडद राखाडी, धारेवर पेन्सिलचं शिसं. अवजारं धरून ठेवणारे क्लॅम्प गाडीच्या रंगाचे. दोन-तीन दिवस हात लावू नका, मग मॅट वार्निश मारून चिकटवा.

दोन्ही बाजूंची शिवण बघितली ना?