आधीचा कागद शोधा: बायोटेक शेअरचा अभ्यास घरबसल्या कसा करायचा

"वहिनी, तुमच्या लाइनमधलंच आहे, घेऊ का?" असा मेसेज आमचे ठाण्याचे भाऊजी स्क्रीनशॉटसकट पाठवतात, तेव्हा मी कंपनी चांगली की वाईट ते सांगत नाही. एनसीटी नंबर, म्हणजे औषधाच्या चाचणीचा नोंदणी क्रमांक, विचारते. तो त्यांच्याकडे कधीच नसतो. असतो तो फक्त शेअरचा भाव आणि कुठल्यातरी टेलिग्राम ग्रुपवरचं रॉकेटचं चित्र.

मी पुण्यात क्लिनिकल ट्रायलच्या, म्हणजे माणसांवरच्या औषध-चाचण्यांच्या, डेटावर एसएएस या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोग्रामिंग करते. सेबीची नोंदणी माझ्याकडे नाही, त्यामुळे काय घ्यावं हे मी सांगणार नाही. कसं वाचावं ते सांगते. आमच्या कामातली एक गोष्ट बाहेर फारशी कुणाला माहीत नसते. निकालाची टेबलं निकालाच्या कितीतरी आधी तयार असतात, फक्त रिकामी. कुठल्या रकान्यात काय येणार, तुलना कुठल्या आठवड्याला करायची, मधेच ट्रायल सोडून गेलेल्या रुग्णांचं काय करायचं, हे सगळं आधी लिहून त्यावर सह्या होतात. मग डेटाबेस लॉक होतो. औषध कुणाला होतं आणि प्लासिबो (औषधासारखंच दिसणारं, पण औषध नसलेलं) कुणाला, हे त्यानंतर उघडतं. म्हणजे कंपनीने स्वतःच्या यशाची व्याख्या आधीच करून ठेवलेली असते. निकालाच्या दिवशी ती व्याख्या तीच राहिली का, एवढं तपासता आलं तरी अर्धा अभ्यास झाला. आणि आधीची व्याख्या व नंतरचा निकाल, हे दोन्ही कागद बहुतेक वेळा फुकट मिळतात.

पहिला कागद क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्हवर. औषधाचं किंवा कंपनीचं नाव टाका, ट्रायल उघडा. आठ आकडी एनसीटी नंबर वहीत लिहून घ्या. मग फक्त चार गोष्टी बघा: प्रायमरी आउटकम (ज्यावर यश ठरणार ते मुख्य मोजमाप) काय आहे आणि किती आठवड्यांचा, रुग्ण किती घेणार, तुलना कशाशी आहे (प्लासिबो आहे की तुलनाच नाही), आणि प्रायमरी कम्प्लिशनची तारीख (त्या मुख्य मोजमापाचा डेटा गोळा होऊन संपण्याची). यानंतर बहुतेक लोक पान बंद करतात. तुम्ही करू नका. वर 'रेकॉर्ड हिस्टरी' असा टॅब असतो. त्यात नोंदणीच्या पहिल्या दिवसापासूनची प्रत्येक आवृत्ती तारखेसकट असते आणि दोन आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवून बघता येतात. पहिली आणि शेवटची निवडा. काय खोडलं आणि काय घातलं ते रंगात दिसतं.

इथे माझा सगळ्यात जास्त वेळ जातो. तारीख दोनदा पुढे ढकलली असेल तर रुग्ण मिळत नाहीत असा अंदाज बांधायचा. कोविडच्या काळातली ढकलाढकल मी मनावर घेत नाही. रुग्णसंख्या 300 वरून 180 झाली असेल तर पैसे संपत आलेत का, हे पुढे तपासायचं. आणि भरती संपल्यावर प्रायमरी आउटकम बदलला असेल, म्हणजे आधी 'मृत्यू' होता आणि आता 'सहा मिनिटांत चाललेलं अंतर' झालं असेल, तर कारण शोधल्याशिवाय पुढे जायचं नाही. बदल प्रामाणिकही असू शकतो. एफडीएनेच, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामकानेच, तो करायला सांगितलेला असू शकतो. पण मग कंपनीने ते कुठेतरी लिहिलेलं असतं.

दुसरा कागद म्हणजे निकालाची प्रेस रिलीज. ती कंपनीच्या वेबसाइटवर वाचण्यापेक्षा अमेरिकन शेअर बाजार नियामकाच्या एडगर या साइटवर वाचा. तिथे ती '8-के' नावाच्या फाइलिंगला जोडलेली असते आणि नंतर गायब होत नाही. मथळा झाकून ठेवा आणि 'प्रायमरी एंडपॉइंट' (प्रायमरी आउटकमचंच दुसरं नाव) हे शब्द शोधा. ते पहिल्या परिच्छेदात, आकड्यासकट सापडले तर ठीक. चौथ्या परिच्छेदात सापडले, किंवा सापडलेच नाहीत, तर काय झालं असेल ते तुम्हीच ओळखा.

याचं माझं आवडतं उदाहरण जुनं आहे, इंटरम्यून कंपनीचं. ऑगस्ट 2002. फुप्फुसं हळूहळू घट्ट होत जाणाऱ्या एका जीवघेण्या आजारावर त्यांनी ॲक्टिम्यून हे औषध 330 रुग्णांमध्ये तपासलं. प्रायमरी एंडपॉइंट साधला नाही. पण प्रेस रिलीजच्या मथळ्यात आयुष्य वाढल्याचा दावा होता आणि त्याखाली सौम्य ते मध्यम आजाराच्या रुग्णांत मृत्यू 70 टक्क्यांनी घटल्याचं लिहिलं होतं. हा सौम्य-मध्यम गट निकाल हाती आल्यानंतर पाडला होता. सगळ्या विषयांत नापास झालेल्या मुलाने चित्रकलेचा पेपर तेवढा आजोबांना दाखवावा, तसला प्रकार. पुढे कंपनीने याच प्रकारच्या रुग्णांवर 826 जणांची मोठी ट्रायल केली. ती मार्च 2007 मध्ये फायदा दिसत नाही म्हणून थांबवली. औषध घेणाऱ्यांत साधारण 15 टक्के मृत्यू, प्लासिबोत 13. त्या एका प्रेस रिलीजपायी कंपनीच्या माजी मुख्याधिकाऱ्यावर 2009 मध्ये फसवणुकीचा गुन्हा सिद्ध झाला. 2021 मध्ये राष्ट्राध्यक्षांकडून त्यांना माफीही मिळाली. कायद्याचा वाद बाजूला ठेवू. गुंतवणूकदाराने बघायचं ते एवढंच की तो गट आधीच्या कागदात होता का. नव्हता.

प्रेस रिलीजमध्ये आणखी एक गोष्ट बघायला मी भाऊजींना शिकवली आहे: टक्केवारीच्या खालचा आकडा. '62 टक्के रुग्णांना फायदा' म्हणजे कितीपैकी? ट्रायलमध्ये 120 जण घेतले होते आणि टक्केवारी 71 जणांवर काढली असेल तर बाकीचे 49 कुठे गेले? 'इव्हॅल्युएबल' (मोजमाप करता आलेले) असा शब्द दिसला की हा प्रश्न विचारायचाच. त्रास होऊन औषध सोडलेली माणसं बऱ्याचदा त्या गाळलेल्यांत असतात. 'ट्रेंड दिसला', 'आकड्यांत सुधारणा', 'अर्थपूर्ण संकेत' ही सगळी पी-व्हॅल्यू (खरा फायदा नसतानाही एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) सांगायची नसते तेव्हाची भाषा.

आता पैसा. याबद्दल वैज्ञानिक लोक कंटाळा करतात आणि तिथेच मार खातात. छोट्या बायोटेक कंपनीला विक्री नसते, फक्त खर्च असतो. एडगरवर शेवटचा तिमाही अहवाल, '10-क्यू', उघडा. ताळेबंदातून रोख आणि लगेच मोडता येतील अशा रोख्यांची बेरीज घ्या. मग कॅश फ्लोच्या पानावर जाऊन कामकाजात गेलेली रोख बघा. इथे एक खाचखळगा आहे. दुसऱ्या तिमाहीच्या अहवालात तो आकडा सहा महिन्यांचा असतो आणि तिसऱ्या तिमाहीच्या अहवालात नऊ महिन्यांचा. तो तीन महिन्यांचा समजून भागाकार केला तर कंपनी उद्याच बुडणार असं वाटतं. समजा 9 कोटी डॉलर शिल्लक आहेत आणि सहा महिन्यांत साडेचार कोटी गेले. म्हणजे वर्षभराची सोय. आता मघाशी वहीत लिहिलेली प्रायमरी कम्प्लिशनची तारीख काढा. ती चौदा महिन्यांवर असेल तर निकालाआधी नवे शेअर विकले जाणार, हे धरून चाला. त्याच अहवालात 'गोइंग कन्सर्न' हे शब्दही शोधा. पुढचं वर्ष निघेल की नाही याबद्दल गंभीर शंका असेल तर कंपनीला ते लिहावंच लागतं.

बाजारमूल्यही स्वतः काढा. मोफत साइटवरचा आकडा सध्या बाजारात असलेल्या शेअरवर काढलेला असतो. कंपनीने मोठ्या फंडांना जवळजवळ पूर्ण किंमत आधीच घेऊन 'प्री-फंडेड वॉरंट' (पुढे नाममात्र पैशात शेअरमध्ये बदलता येणारे हक्क) दिलेले असतील तर ते त्यात धरलेले नसतात, आणि काही कंपन्यांत त्यांची संख्या शेअरच्या निम्म्याला येते. ते भागभांडवलाच्या टिपांमध्ये सापडतात.

औषध आलं कुठून, हाही आधीचाच कागद. ॲक्झोव्हंट नावाच्या कंपनीने अल्झायमरवरचं इंटेपिरडिन हे औषध ग्लॅक्सोस्मिथक्लाइनकडून सुरुवातीला 50 लाख डॉलर देऊन घेतलं आणि जून 2015 मध्ये त्याच्या जोरावर आयपीओतून 31.5 कोटी डॉलर उभे केले. पहिल्याच दिवशी शेअर जवळपास दुप्पट झाला. ग्लॅक्सोने आधी केलेल्या ट्रायल आयपीओच्या एस-1 या दस्तावेजात होत्या, कुणीही वाचाव्यात अशा. सप्टेंबर 2017 मध्ये 1,315 रुग्णांच्या ट्रायलचा निकाल आला. दोन्ही प्रायमरी एंडपॉइंट गेले आणि शेअर एका दिवसात 70 टक्क्यांहून जास्त पडला. मोठ्या कंपनीने स्वस्तात सोडलेलं औषध वाईटच असतं असं नाही. पण 'तुम्ही का सोडलंत?' या प्रश्नाचं उत्तर सापडेपर्यंत मी तरी पुढे जात नाही.

एकूण शक्यताही मनात पक्क्या असू द्या. बायो या अमेरिकन उद्योगसंघटनेने 2011 ते 2020 या काळाचा हिशेब केला, त्यात माणसांवरच्या चाचणीच्या पहिल्या टप्प्यात शिरलेल्या शंभर औषधांपैकी आठाच्या आसपास मंजुरीपर्यंत पोचली. दुसरा टप्पा पार करणारी 29 टक्के, तिसरा पार करणारी 58 टक्के. म्हणजे दुसऱ्या टप्प्याच्या निकालावर शेअर धरून बसणं हा दर दहात सात वेळा हरायचा खेळ आहे.

एफडीएकडे अर्ज गेल्यावरचं वेळापत्रक सोपं आहे. नव्या रेणूचा अर्ज आला की 60 दिवसांत तो दाखल करायचा की नाही ते ठरतं, मग साधारण 10 महिने, प्रायॉरिटी (प्राधान्याने तपासणी) असेल तर 6. सल्लागार समितीची बैठक असेल तर एफडीएची टिपणं बैठकीच्या दोन दिवस आधी साइटवर येतात. ती नक्की वाचा. कंपनीचा डेटा कंपनीबाहेरच्या माणसाने तपासून लिहिलेला एरवी फारसा वाचायला मिळत नाही. कंपनीला नकार मिळाला तर त्याचं पत्र पूर्वी गुप्त असायचं. जुलै 2025 मध्ये एफडीएने अशी दोनशेवर जुनी पत्रं खुली केली. त्यातली दोन-चार वाचून त्याच वेळच्या प्रेस रिलीजशी ताडून बघा. इतका चांगला फुकटचा क्लास दुसरा नाही.

तरीही वाचन बरोबर असूनही पैसे जातात. बायोजेन कंपनीचं अल्झायमरवरचं अ‍ॅड्युकॅन्युमॅब घ्या. मार्च 2019 मध्ये फायदा दिसत नाही म्हणून दोन्ही ट्रायल थांबवल्या, शेअर 29 टक्के पडला. ऑक्टोबरमध्ये कंपनी म्हणाली, जास्तीचा डेटा धरला तर एका ट्रायलमध्ये फायदा आहे. नोव्हेंबर 2020 मध्ये एफडीएची टिपणं आली. त्यात वैद्यकीय बाजूचा सूर अनुकूल होता आणि शेअर 40 टक्क्यांहून जास्त चढला. त्याच टिपणांत एफडीएच्याच संख्याशास्त्रज्ञाने मात्र विरोधी मत दिलं होतं. दोनच दिवसांनी सल्लागारांनी जवळपास एकमुखाने नकार दिला आणि पुढच्या सत्रात शेअर 28 टक्के घसरला. हे सगळं वाचून औषध पडणार असं तुम्ही ठरवलं असतं तर विज्ञान तुमच्या बाजूने होतं. 7 जून 2021 ला एफडीएने मंजुरी दिली! शेअर एका दिवसात 38 टक्के वर. मग मेडिकेअरने (अमेरिकेतल्या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याने) ट्रायलबाहेर पैसे द्यायला नकार दिला आणि जानेवारी 2024 मध्ये बायोजेनने ते औषधच सोडून दिलं. म्हणून एका निकालावर लावलेली रक्कम शून्य झाली तरी मुलीच्या फीचा चेक वटला पाहिजे, असा आमच्या घरात नियम आहे.

भारतातल्या शेअरना हा साचा जसाच्या तसा लागत नाही. एकाच औषधावर उभी असलेली छोटी कंपनी आपल्याकडे बाजारात जवळजवळ सापडत नाही. बायोकॉनसारख्या कंपनीत प्रश्न असतो कारखान्याचा. त्यांचं इन्सुलिन अस्पार्टचं बायोसिमिलर (जैविक औषधाची जवळपास तशीच प्रत) अमेरिकेत लांबलं ते मलेशियातल्या कारखान्याच्या तपासणीतल्या शेऱ्यांमुळे. मंजुरी आली जुलै 2025 मध्ये. तेव्हा इथे 'फॉर्म 483' मध्ये (कारखान्याच्या तपासणीनंतर एफडीए देतं तो कागद) किती शेरे आहेत यापेक्षा पुढे वर्गवारी काय झाली ते बघायचं: एनएआय (कारवाईची गरज नाही) आणि व्हीएआय (कंपनीने स्वतः सुधारावं) चालतं, ओएआय (अधिकृत कारवाई) म्हणजे त्या कारखान्यातल्या नव्या मंजुऱ्या अडकू शकतात. इथल्या ट्रायल सीटीआरआय या भारतीय ट्रायल-नोंदवहीच्या साइटवर सापडतात. आणि सीडीएससीओ या केंद्रीय औषध नियामकाच्या साइटवर विषयतज्ज्ञ समितीची इतिवृत्तं असतात, रूक्ष पीडीएफ. कुठल्या कंपनीला 'अजून डेटा आणा' म्हणून परत पाठवलं, ते त्यात सरळ लिहिलेलं असतं.

शेवटी वेळेचं. अमेरिकन कंपन्या निकाल बहुधा बाजार उघडायच्या आधी जाहीर करतात, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी चार ते सहाच्या दरम्यान. बाजार उघडतो सातला, हिवाळ्यात आठला. मधले एक ते तीन तास आपले. मी तेव्हा कुकर लावून एनसीटीचं पान एका बाजूला आणि 8-के दुसऱ्या बाजूला उघडते: एंडपॉइंट तोच का, आठवडा तोच का, रुग्ण तेवढेच का. मग कंपनीचा कॉल ऐकते, तोही प्रश्नोत्तरांपासून. कुणीतरी विश्लेषक पी-व्हॅल्यू विचारतोच. "तो तपशील आम्ही येत्या वैद्यकीय परिषदेत मांडू" असं उत्तर आलं तर वहीत ते वाक्य, तारीख आणि परिषदेचं नाव लिहून ठेवते आणि त्या दिवशी खरेदीचं बटण दाबत नाही.