पूररेषा आखताय? आधी शून्य कुठला ते विचारा

क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर हाताला बसलंय, हेक-रास या पुराचं मॉडेल करणाऱ्या सॉफ्टवेअरचे धडे बघून झालेत आणि प्रकल्पाला पंचगंगेचं खोरं मिळालंय, अशांसाठी हे लिहितोय. पाणलोट म्हणजे काय हे तुम्हाला माहीत आहे. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांत एकदा येणारा पूर किंवा पात्राच्या क्षमतेच्या दीडपट विसर्ग, यांतला जो मोठा तो. लाल रेषा १०० वर्षांतल्या पुराची. एवढं धरून पुढे जाऊ.

खोरं आधी डोळ्यांसमोर आणा. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती सह्याद्रीतून उतरतात आणि प्रयाग चिखलीपाशी पंचगंगा होते. (पाचवी सरस्वती गुप्त आहे, ती डीईएममध्ये, म्हणजे जमिनीच्या उंचीच्या डिजिटल नकाशात, शोधू नका.) गगनबावड्याला पडणारा पाऊस शिरोळच्या कित्येक पट असतो. त्यामुळे कोल्हापूर शहराचं एकच पर्जन्यमापक अख्ख्या खोऱ्याला लावलंत, तर मॉडेल सुरू व्हायच्या आधीच चुकलं. शहरात ऊन पडलेलं असतं आणि राजाराम बंधाऱ्यावर पाणी चढत असतं, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे.

पाणलोट आखणं अवघड नाही. प्रक्षेपण यूटीएम ४३ उत्तर घ्या, म्हणजे अंतरं मीटरमध्ये येतील. अक्षांश-रेखांशाच्या अंशांतच उतार काढायला बसू नका. ३० मीटरच्या डीईएममध्ये एक चौरस किलोमीटर म्हणजे साधारण ११११ चौकटी, त्या हिशेबाने ओढ्यांचा उंबरठा, म्हणजे किती चौकटींचं पाणी जमलं की ओढा धरायचा ते, ठरवा. निर्गम बिंदू (पाणलोटातलं पाणी जिथून बाहेर पडतं ती जागा) प्रवाहाच्या चौकटीवर नीट बसवा, एक चौकट बाजूला पडला तर पाणलोट शेतातल्या वाफ्याएवढा येतो. कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आणि पूल डीईएमला धरणासारखे दिसतात. सगळे खड्डे भरून टाकण्याचं बटण दाबलंत तर त्यांच्यामागे खोटी तळी तयार होतील. तिथे पात्र कापून वाट द्या. पावसाळ्यात बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) काढलेले असतात हेही लक्षात असू द्या.

आता खरा सापळा. यात हुशार माणसंही अडकतात, म्हणून कंटाळा आला तरी वाचा.

उंचीचा शून्य एक नसतो. राजाराम बंधाऱ्यावर इशारा ३९ फूट आणि धोका ४३ फूट, तर सांगलीत आयर्विन पुलावर ४० आणि ४५. हे फूट नदीवरच्या त्या त्या मोजपट्टीच्या शून्यापासूनचे आहेत, समुद्रसपाटीपासूनचे नाहीत. म्हणून राजारामचे ४३ आणि आयर्विनचे ४५ यांची वजाबाकी करून नदीचा उतार निघत नाही. दुसरा शून्य भारतीय सर्वेक्षण विभागाच्या बेंचमार्कचा (उंची पक्की ठरवलेल्या खुणेचा), तो सरासरी समुद्रपातळीचा. तिसरा जीपीएसचा. तो लंबगोलावरची, म्हणजे पृथ्वीचा गणिती गुळगुळीत आकार धरून त्यावरची, उंची देतो आणि आपल्या भागात ती समुद्रसपाटीच्या आकड्याहून साठ मीटरपेक्षाही जास्त खाली येते. चौथा डीईएमचा, आणि तोही प्रत्येकाचा निराळा: एसआरटीएम हा डीईएम ईजीएम-९६ या समुद्रसपाटीच्या मॉडेलवर, कोपर्निकसचा ईजीएम-२००८ वर, ‘भुवन’ या संकेतस्थळावरचा कार्टोडीईएम लंबगोलावर. पाचवा सगळ्यांत बेरका. मोजणीवाल्याने देवळाच्या पायरीला १०० मीटर धरून घेतलेले पात्राचे आडवे छेद. ते आकडे दिसायला शुद्ध असतात आणि वहीत कुठेही ‘धरून’ असं लिहिलेलं नसतं.

साठ मीटरची चूक घातक नाही, कारण ती दिसते. सगळं खोरं बुडतं किंवा सगळं कोरडं राहतं आणि तुम्ही थांबता. घातक असते ती मीटरभराची चूक. नकाशा छान दिसतो, रंग बरोबर वाटतात. पण शिरोळकडे जमीन इतकी सपाट आहे की ५०० ला १ असा उतार धरला तरी एका मीटरमागे रेषा अर्धा किलोमीटर सरकते. अर्ध्या किलोमीटरात एखादी गावठाणाची गल्ली मावते.

उपाय कंटाळवाणा आहे. मोजपट्टीच्या शून्याची समुद्रसपाटीपासूनची उंची लेखी मागून घ्या. डीजीपीएसने (जास्त अचूक जीपीएसने) किमान तीन-चार बेंचमार्कवर बसा, फरक काढा आणि तोच फरक सगळ्या बिंदूंना लावा. प्रत्येक फाइलच्या नावातच शून्य लिहा. ‘प्लगइन लाव, आपोआप होतं’ म्हणणाऱ्या मार्गदर्शकापेक्षा रोज मोजपट्टी वाचणारा कर्मचारी जास्त शिकवतो. पट्टी कधी बदलली आणि कुठला तुकडा वाकलाय ते त्यालाच माहीत असतं.

घाबरू नका. हे एकदा नीट बसलं की पुढचं बरंच सोपं जातं.

बरंच म्हणजे सगळं नाही. एसआरटीएमची मोजणी फेब्रुवारी २००० मधली, म्हणजे ऐन गळीत हंगामातली. तोडलेला फड खाली, उभा ऊस वर, अशी गोधडी त्या डीईएममध्ये शिवलेली असू शकते. पूरमैदानातले दोन-तीन मीटरचे चौकोनी उंचवटे बांध नसून ऊस असू शकतो. पात्राचा तळही डीईएममध्ये नसतो, तिथे पाण्याचा पृष्ठभाग असतो, म्हणून छेद प्रत्यक्ष मोजूनच घ्या. खरबरीतपणा (पाण्याला होणारा अडथळा दाखवणारा आकडा) पात्राला ०.०३५ आणि उभ्या उसाला ०.०८ पासून सुरू करा, मग पूरखुणांशी जुळवा.

मॉडेलच्या खालच्या टोकाला सामान्य खोली (नुसत्या उतारावरून निघणारी पाण्याची खोली) टाकून मोकळं होऊ नका. नृसिंहवाडीला कृष्णा चढलेली असली की पंचगंगा मागे तुंबते, तिथे कृष्णेची पातळीच द्यावी लागते. शिरोलीजवळ महामार्गाचा भराव आणि त्यातल्या मोऱ्या मॉडेलमध्ये हव्यातच. शहरात पाणी जयंती नाल्यातून उलटं शिरतं, नुसत्या एकमितीय छेदांत, म्हणजे पाणी फक्त नदीच्या दिशेने वाहतं असं धरलेल्या मॉडेलमध्ये, ते दिसणार नाही.

पडताळणीला सेंटिनेल-१ या रडार उपग्रहाची चित्रं घ्या, त्याला ढगांतूनही दिसतं. पण बुडालेल्या उसाखालचं पाणी त्याला बरेचदा दिसत नाही, आणि उपग्रह नेमका पुराच्या शिखराच्या दिवशी वरून जाईलच असं नाही. म्हणून प्रयाग चिखली, आंबेवाडीत भिंती बघत फिरा. २००५, २०१९, २०२१, कुठल्या सालची खूण ते दोन घरांत वेगवेगळं विचारा. भिंतीवर दोन रेघा असतात. वरची पुसट, पापुद्रे सुटलेली रेघ ओलीची, कारण ओल विटांतून पाण्याच्याही वर चढते. गाळाची कडक तपकिरी रेघ तिच्या खाली असते. पट्टी त्या खालच्या रेघेला लावा, आणि शक्यतो घराच्या आतल्या भिंतीवर, जिथे लाटा पोचत नाहीत.