नाशिकमध्ये स्वतः घर बांधायचं किंवा दुरुस्त करायचंय? परवानगीचं काम असं करा

आधी प्लॉट कुणाच्या हद्दीत येतो ते बघा. शहरात असेल तर महापालिकेचं नगररचना खातं, देवळालीच्या छावणी भागात कॅन्टोन्मेंट बोर्ड.

मग सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, एनए ऑर्डर (जमीन बिगरशेती केल्याचा आदेश) असेल तर ती, मंजूर ले-आऊट जमवा आणि भूमी अभिलेखची सरकारी मोजणी करून घ्या. "शेजारी ओळखीचेच आहेत" म्हणून मोजणी टाळू नका, नंतर कंपाउंडवरनं भांडणं तिथंच लागतात. गोदावरी, नासर्डी, वालदेवीच्या जवळ प्लॉट असेल तर पूररेषा बघूनच पुढचा खर्च करा, निळ्या रेषेच्या (नदीकडच्या पूररेषेच्या) आत नवीन घर बांधायला परवानगी मिळत नाही.

घर स्वतः उभं राहून बांधलं तरी नकाशा लायसन्सवाल्या आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरच्या सहीनेच ऑनलाइन जातो. महापालिका हद्दीत तो राज्याच्या 2020 च्या एकत्रित बांधकाम नियमावलीप्रमाणे तपासतात, म्हणजे साइड मार्जिन (बाजूने सोडायची मोकळी जागा), उंची, एफएसआय (प्लॉटच्या मानाने किती बांधकाम चालतं ते प्रमाण). प्लॉट 150 चौरस मीटरपर्यंतचा असेल तर प्रोसेस बरीच सोपी आहे, पण सोपी म्हणजे परवानगीच नको असं नाही. बांधकाम परवानगी एक वर्षाची असते, काम लांबलं तर मुदत संपायच्या आत वाढवून घ्या. आड येणारं झाड तोडायचं तर त्याची परवानगी वेगळी.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जोतं, म्हणजे पायाच्या वरचा, जमिनीलगतचा चौथरा. आमच्याकडे फक्कीची (चुन्याच्या पांढऱ्या पावडरीची) आखणी झाली, गवंड्याने दोरी लावली, आणि सहज टेप धरला तर पुढचं मार्जिन नकाशापेक्षा सव्वा फूट कमी! ठेकेदार म्हणाला चालतंय हो, एवढं कोण बघतं. मी तिथंच काम थांबवलं, दोरी सरकवून घेतली, कारण तेव्हा फक्त फक्की पुसायची होती, कॉलम उभे राहिल्यावर तोडफोडच करावी लागली असती. म्हणून मंजूर नकाशाची झेरॉक्स साइटवर ठेवा, टेप स्वतः धरा, आणि जोतं तपासणीचा दाखला मिळाल्याशिवाय वरचं काम चालू करू नका.

रिनोव्हेशनचं काय? रंग, प्लास्टर, फरशी, दारं-खिडक्या आहे त्या जागी बदलणं, याला परवानगी लागत नाही. पण कॉलम-बीमला हात, वरती खोली, बाल्कनी घरात घेणं, याला लागते. विनापरवाना केलं तर एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना) कायद्याच्या कलम 53 खाली नोटीस येऊ शकते.

काम पूर्ण झालं की पूर्णत्वाचा दाखला देऊन भोगवटा प्रमाणपत्र (घर वापरायला परवानगी) घ्या आणि मगच राहायला जा, पुढे घर विकताना खरेदीदाराची बँक पहिलं तेच मागते.