कंपनीत वकील नेमण्याआधीची तयारी

जाहिरात लिहायला बसण्याआधी गेल्या १२ महिन्यांचं कायदेशीर काम एका तक्त्यात उतरवा: कुठल्या प्रकारचे करार किती आले, प्रत्येकाला किती दिवस लागले, बाहेरच्या वकिलांची बिलं कशाची होती. 'वरिष्ठ वकील हवा' असं म्हणणाऱ्या कंपनीत पुष्कळदा गोपनीयता करार आणि नूतनीकरणांचाच ढीग निघतो. त्यावर १० वर्षं अनुभवाचा माणूस बसवला, की तो लवकरच दुसरीकडे मुलाखती देऊ लागतो. त्या कामाला २-३ वर्षांचा अनुभव आणि पक्के नमुने पुरतात.

वकील कोणाला उत्तरदायी असेल, तेही आधीच ठरवा. विक्रीप्रमुखाच्या हाताखाली नको. ज्याचा सौदा थांबवायचा, त्यानेच वार्षिक मूल्यमापन करायचं हे जमत नाही. संचालक मंडळापर्यंत थेट जाण्याची वाट नेमणूकपत्रात लिहा. कुठलं काम बाहेरच्या वकिलांकडेच ठेवायचं, याचीही नोंद हवी. उदाहरणार्थ, युरोपीय महासंघाच्या स्पर्धाविषयक चौकशीत कंपनीच्या पगारी वकिलाशी झालेल्या पत्रव्यवहाराला वकील-अशील गोपनीयतेचं संरक्षण मिळत नाही, हे युरोपीय न्यायालयाच्या २०१० च्या अक्झो नोबेल निकालाने पक्कं केलं. इतर देशांत नियम वेगळे असू शकतात. जिथे व्यवसाय आहे तिथले तपासा.

मुलाखतीत कायद्याची कलमं विचारण्यात वेळ घालवू नका. पाच-सहा पानांचा पुरवठादार करार द्या, ४५ मिनिटं द्या आणि उमेदवाराला विक्रीप्रमुखासाठी अर्ध्या पानाचा मेल लिहायला सांगा. उत्पन्न-नफ्याला धक्का देणारे मुद्दे (नुकसानभरपाईची मर्यादा, आपोआप होणारं नूतनीकरण, करार संपवण्याची अट) वर आले का, ते पाहा. चाळीस दुरुस्त्या सुचवून एकही निर्णय न देणारा उमेदवार लॉ फर्ममध्ये उत्तम असेल, इथे नाही. वकिलीची सनद चालू आहे का, आधीच्या अशिलांशी हितसंबंधांचा संघर्ष आहे का, हे ऑफर देण्याआधीच तपासा. जुन्या फर्मचे मसुदे सोबत आणायचे नाहीत, हे स्पष्ट सांगा.

रुजू होण्याच्या दिवशी करारांचा साठा, सही कोण करू शकतो याचा तक्ता आणि बाहेरच्या वकिलांवरच्या खर्चाचं बजेट हातात असावं. यातलं काहीच नसेल तर पहिला महिना फायली शोधण्यात जातो.

टिकवण्याचा प्रश्न पगारापेक्षा वाढीचा जास्त असतो. चार जणांच्या विभागात वरची खुर्ची एकच, तीही भरलेली. म्हणून तज्ज्ञपदाची वेगळी श्रेणी आधीच बांधा आणि १८ ते २४ महिन्यांनी विषय बदलून द्या: करारांवरून वाद, वादांवरून नियमपालन. सौदा ठरल्यावर फक्त सहीसाठी बोलावलं जाणं हे राजीनाम्याचं दुसरं कारण. मोठ्या सौद्यांच्या पहिल्या बैठकीचं निमंत्रण विक्री विभागाच्या कार्यपद्धतीतच लिहून टाका. सहा महिन्यांनी विचारा की सांगितलेलं काम आणि प्रत्यक्षातलं काम यांत किती फरक पडला. राजीनाम्यानंतर हे विचारून फक्त फाईल भरते.